मुका सोबती

चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेल्या वसईच्या किल्ल्यात जमिनीकडील दरवाज्यापासून समुद्राकडील दरवाज्यापर्यंतची वाट फार लांब नाही. परंतु भर उन्हात तीच वाट तापते. म्हणून कुत्र्याला घेऊन फिरावयास निघणाऱ्याने अंतराआधी उन्हाचा विचार करावा. माणसाच्या पायांत वहाणा असतात. कुत्रा अनवाणी चालतो. त्याला घाम येतो तो मुख्यतः तळव्यांना. उन्हात अंगातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकून घालवितो. निघण्यापूर्वी तळहात काही क्षण जमिनीवर टेकवून पाहावा. चटका बसला, तर फिरण्याचा बेत सकाळवर किंवा संध्याकाळवर ढकलावा. बरोबर पाणी घ्यावे. पाय पोळले तरी इमानी कुत्रा धन्याची पाठ सोडीत नाही. म्हणूनच कोठे थांबावयाचे, हे धन्याने ओळखले पाहिजे.