लाकडाची बिजागरी

अँकरेजमधलं लेक हूड म्हणजे आमच्या शहराचा एसटी स्टँड. पाण्यावरून उडणाऱ्या विमानांसाठी जगातल्या सर्वांत गजबजलेल्या तळांपैकी हा एक. अलास्कातल्या बहुतेक वस्त्यांना रस्ताच पोचत नाही, त्यामुळे किराणा, टपाल, पेशंट, शिकारी, सगळं हवेतून जातं. अशाच एका लहानशा विमानानं मी नैर्ऋत्येला ट्विन लेक्सला गेले, डिक प्रेनिकी यांचं घर बघायला.

या शहरात राहायला आलेल्या माणसाला हे नाव कुणी ना कुणी सांगतंच. पन्नाशी उलटल्यावर, 1968 साली, हा माणूस त्या तळ्याकाठी गेला, झाडं तोडून स्वतःच्या हातानं घर बांधलं आणि 1998 पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, तिथं राहिला. हे सगळं त्यानं 16 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानं स्वतःच चित्रित केलं. त्यातून पुढे तयार झालेला माहितीपट इथल्या लोकांनी टीव्हीवर कितीदा तरी पाहिलेला असतो. डिसेंबरात अँकरेजला जेमतेम साडेपाच तास उजेड असतो. अशा दिवसांत लोक प्रेनिकींबद्दल बोलायला लागतात, आणि बोलतात ते एकांताबद्दल. जग सोडून गेलेला, माणसांना कंटाळलेला, एखाद्या ऋषीसारखा माणूस.

मला हे चित्र पटत नाही. प्रेनिकी यांची आठवण काढायची तर आधी मेकॅनिक म्हणून काढायला हवी.

त्यांचा जन्म 1916 चा, आयोवा राज्यातल्या प्रिमरोझ या लहान गावातला. वडील विहिरी खणायचे. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यानंतर प्रेनिकी नौदलात भरती झाले आणि तिथं सुतार म्हणून काम केलं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत संधिज्वरानं त्यांना आडवं केलं. कित्येक महिने इस्पितळात गेले आणि ते बरे होईतो युद्धच संपलं. मग त्यांनी डिझेल इंजिनाचं काम शिकून घेतलं. 1950 च्या सुमारास अलास्कात आले. कोडियाकच्या नौदल तळावर अवजड यंत्रं चालवणं आणि दुरुस्त करणं हे त्यांचं काम होतं, आणि त्या कामात त्यांची ख्याती होती. वेल्डिंग करताना झालेल्या एका अपघातात त्यांची दृष्टी जाता जाता वाचली. डोळे शाबूत आहेत तोवर डोंगर, तळी, जनावरं बघून घ्यायची, असं त्यानंतर त्यांनी ठरवलं.

माझे वडील मुंबईत गोदीत फिटर होते. सुट्टीच्या दिवशीही त्यांच्या हातात कानस नाहीतर पाना असायचा, आणि शेजारच्यांचे स्टोव्ह, पंखे, कुलपं आमच्या गॅलरीत येऊन पडायची. म्हणूनच असेल, ट्विन लेक्सला उतरल्यावर माझी नजर डोंगरांकडे गेली नाही. ती गेली दाराकडे.

ते दार आडवं दोन भागांत केलेलं आहे. वरचा अर्धा उघडला तरी खालचा बंद राहतो. बिजागऱ्या लाकडाच्या. कडीही लाकडाची, आणि तिची रचना अशी की कुणाही फिटरनं वाकून बघत राहावं. मी बोट लावून पाहिलं. कुठे करकर नाही, कुठे ढिलेपणा नाही. कोपऱ्यांत स्प्रूसचे ओंडके एकमेकांत असे बसलेत की मध्ये बोटाचं नख जाणार नाही. सगळं घर आतून साधारण अकरा बाय पंधरा फूट, मुंबईच्या चाळीतल्या खोलीएवढं. छपरावर शेवाळाचं जाड पांघरूण, एका बाजूला दगडांची शेकोटी. पत्र्याचे डबे कापून त्यांनी भांडी आणि खोकी केली होती. अवजारंसुद्धा पुरती नेली नव्हती. नेली ती बरीचशी पाती, दांडे तिथल्याच लाकडातून घडवले. विमानात वजनाला किंमत असते आणि लाकूड तर तिथं अमाप होतं. असा हिशेब ज्याचा हात यंत्रावर घडलाय त्यालाच सुचतो.

चित्रपटात ते बर्फातून एकटेच चालत जाताना दिसतात. पण कॅमेरा तिवईवर ठेवून सुरू करायचा, चौकटीतून चालत जायचं, आणि मग परत येऊन कॅमेरा उचलायचा, हे सगळं त्यांनाच करावं लागे. त्या प्रत्येक दृश्यामागे ही दुप्पट पायपीट आहे. जंगलाचं वेड तर त्यांना होतंच. अस्वलं, कॅरिबू, डोंगरी मेंढ्या बघायला ते मैलोन्‌मैल जात. पण परतल्यावर दिवसभराचं सगळं वहीत उतरवून ठेवत: तापमान, वारा, तळ्यावरचा बर्फ, कुठलं जनावर कुठे दिसलं. लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यान 1980 साली झालं, आणि त्या परिसराचा अभ्यास करणाऱ्यांना या वह्यांचा आधार मिळाला. मशिनच्या लॉगबुकची सवय त्यांनी रानातही सोडली नव्हती, असं मला वाटतं.

आणि माणसं त्यांनी कुठे सोडली होती? बेब ऑल्सवर्थ नावाचे वैमानिक सामान आणि टपाल घेऊन यायचे. पत्रं जायची, पत्रं यायची. त्यांच्या नोंदींवरून मित्र सॅम कीथ यांनी 1973 साली पुस्तक केलं, आणि वाचक थेट तळ्याकाठी येऊ लागले. दाराला त्यांनी कुलूप कधी लावलं नाही. रानातलं घर अडल्या-नडल्याला उघडं असलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं. शिकारी मागे टाकून गेलेला कचराही ते गोळा करत फिरत. हे काम फार कमी लोक आठवतात. मला ते कडीइतकंच मोलाचं वाटतं.

इथं अँकरेजमध्ये हिवाळ्यात गाड्यांच्या नाकातून प्लगची वायर लोंबते, इंजिन गरम ठेवायला. भारतातून आलेल्या आम्हा लोकांना सुरुवातीला कुणीतरी शेजारी हे सगळं दाखवतो: वायर कुठे जोडायची, नळ गोठू नयेत म्हणून काय करायचं, भट्टी बंद पडली तर आधी काय तपासायचं. आमच्या गल्लीत हे काम नौदलातून निवृत्त झालेले एक तंत्रज्ञ करत. उन्हाळ्यात ते कधी घरी सापडायचे नाहीत, सॅमनच्या मागे नद्यांवर. हिवाळ्यात मात्र त्यांच्या गॅरेजचं दार कायम अर्धं वर. दोन वर्षांपूर्वी ते गेले. प्रेनिकींचं घर बघून या, असं मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं होतं, आणि बजावलं होतं की कडी नीट बघा.

प्रेनिकी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तळं सोडून कॅलिफोर्नियात भावाकडे गेले आणि 2003 साली वारले. त्यांचं घर 2007 पासून ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत आहे. पण लाकडाचं घर आहे, ओल लागते, शेवाळ बदलावं लागतं. उन्हाळ्यात तिथं स्वयंसेवक राहतात, येणाऱ्याला घर दाखवतात. पुढच्या वर्षीसाठी मी चौकशी केली आहे. वडिलांची एक कानस माझ्याकडे आहे, ती बरोबर नेईन म्हणते.