अण्णांनी उतरवलेले तास

२००८ साली मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि आमच्या कॉलेजात गणिताची जागा वर्षभर रिकामी होती. गाइड पाठ करायचं, पेपरात उतरवायचं, एवढंच. तालुक्याच्या गावी अण्णांचा सायबर कॅफे होता. तिथे भरतीचा फॉर्म भरायला गेलो असताना मला अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रा. गिल्बर्ट स्ट्रँग यांचा लिनिअर अल्जिब्राचा पहिला तास सापडला.

व्हिडिओ सारखा अडकत होता. फळ्यावर साधी दोन समीकरणं होती. ती आडवी वाचली की दोन रेषा छेदतात, हे मला येत होतं. स्ट्रँग यांनी ती उभी वाचली: पहिला कॉलम एकदा घ्या, दुसरा दोनदा, बेरीज नेमकी उजव्या बाजूला पोचते. मी खुर्चीत ताठ बसलो. हे असं कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

‘‘अण्णा, हे घरी नेता येईल?’’

‘‘खाली काय लिहिलंय ते वाच आधी.’’

मी परवाना वाचून दाखवला. श्रेय द्या, त्यावर धंदा करू नका, बदल करून वाटलंत तर तेही असंच खुलं ठेवा. मग खुशाल प्रती काढा. एमआयटीने २००१ साली आपलं अभ्यास-साहित्य जगाला खुलं करायचं ठरवलं, त्यातलं मोठेपण मला त्या चार ओळींत कळलं. बघायला मिळणं वेगळं आणि वाटायचा हक्क मिळणं वेगळं.

‘‘मग ह्याचे पैसे कसे घेऊ?’’ अण्णा म्हणाले. कोऱ्या सीडीची किंमत तेवढी घेतली. दिवसा भारनियमन, म्हणून ते रात्री मशीन चालू ठेवत. मध्येच वीज गेली की डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून. ३४ तास उतरायला दीड महिना लागला.

माझ्यासोबत एक मित्र बसायचा, माझ्याहून हुशार. इंग्रजी त्याच्या डोक्यावरून जाई. व्याख्यानांची लेखी प्रत होती, तीही इंग्रजीतच. पाचव्या तासानंतर तो आला नाही. मी त्याला मराठीत सांगू शकलो असतो. मला पुढचा तास बघायची घाई होती. आज ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी एनपीटेल आहे, स्वयं आहे, डेटा स्वस्त आहे. तरी नाव नोंदवणाऱ्यांतले बरेच जण मध्येच गळतात आणि लोक त्यांच्या चिकाटीला नावं ठेवतात. मला ती रिकामी खुर्ची दिसते.

१५ मे २०२३ रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी, स्ट्रँग यांनी एमआयटीतला शेवटचा तास घेतला. मी तो फोनवर पाहिला, एकदाही न अडकता. तो बघायला अण्णा नव्हते.

मित्राची मुलगी आता नववीत आहे. रविवारी ती एकसामयिक समीकरणं घेऊन येते. मी वही तिच्याकडे सरकवतो, उभं वाच म्हणतो. मित्र तिला सोडायला येतो आणि दाराशी बसून ऐकत राहतो.