आत्या, एकादशीच्या आधी हे वाच

प्रिय आत्यास,


आतोबांचा फोन आला होता. गोळ्यांच्या जोडीला तुला इन्सुलिन सुरू झालंय आणि आषाढीचा उपास निर्जळीच करणार म्हणून तू अडून बसली आहेस. तुझी श्रद्धा मला ठाऊक आहे. पण इन्सुलिन टोचून पोट रिकामं ठेवलंस तर साखर उतरते, आणि वाढलेल्या साखरेपेक्षा उतरलेली साखर फार लवकर घात करते. पाणी तरी पीत राहा. आणि आधी डॉक्टरांना भेट. इन्सुलिन किती घ्यायचं, सकाळची ग्लिमेपिराइड त्या दिवशी घ्यायची का, हे त्यांना ठरवू दे. मनाने काही कमी करू नकोस, बंद तर नकोच. ग्लिमेपिराइडही साखर खाली ओढते. नुसत्या मेटफॉर्मिनचं सहसा तसं नसतं.

हात थरथरले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, की मीटरवर बघ. ७०च्या खाली आकडा असेल तर उपास तिथेच सोड. मीटर हाताशी नसेल तर शोधत बसू नकोस. १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घे, १५ मिनिटांनी पुन्हा तपास, आकडा चढला नसेल तर पुन्हा घे.

इंदुरात अशा वेळी कुणीतरी हमखास जिलबी नाहीतर शिकंजी आणायला धावतं. जिलबीतल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि आपली शिकंजी म्हणजे काही लिंबूपाणी नव्हे, आटवलेलं दाट दूध ते! शिवाय तुझ्या गोळीत व्होग्लिबोज आहे. ते घेणाऱ्याला घरातली साखरसुद्धा लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच लागतं. डबा देवघरात ठेव, आतोबांना दाखवून ठेव. तू शुद्धीवर नसलीस तर तोंडात काहीही न घालता १०८ला फोन करायचा, हेही त्यांना सांग.

इन्सुलिनच्या बाटलीवर ४० लिहिलंय, तेव्हा सिरिंज लाल टोपणाचीच आण. १०० वाल्या नारिंगीने डोस अडीचपटीने चुकतो.

‘इन्सुलिन म्हणजे आता शेवट’ असं तू म्हणालीस म्हणे. ते मला फार लागलं. १९२२च्या जानेवारीत टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मरणासन्न मुलाला हे औषध पहिल्यांदा टोचलं, आणि तो पुढे १३ वर्षं जगला. तेव्हाचं औषध किती कच्चं होतं! तुझ्या हाती त्याहून कितीतरी शुद्ध औषध आहे.

दशमीला रात्री फोन करते. डॉक्टर काय म्हणाले ते नीट सांग.

तुझी भाची