दगड आधी, वाळू मग

मैत्रिणींनो, घरात फिशटँक आणायचा विचार चालला असेल, तर एक गोष्ट आधीच सांगते. काचेची पेटी, पंप, दिवा, रंगीत खडे या सगळ्याचा हिशोब दुकानदार तोंडपाठ सांगतो. आत दगड कसे ठेवायचे हे मात्र तो सांगत नाही, आणि आमच्याकडे जे रामायण घडलं ते दगडांवरूनच.

आमचा टँक म्हणजे यांच्या मावसभावाचा. त्यांची बदली झाली आणि तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी ती पेटी अलिबागला आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसली. मोठा चिरंजीव आठवीत. त्याचा हट्ट, की मासे हवेत ते भांडखोरच! गोल्डफिश म्हणजे म्हणे बाळबोध. मग एका रविवारी बापलेक क्रॉफर्ड मार्केटला गेले आणि मांडव्याच्या लाँचमधून मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी धरून आठ मासे घेऊन आले. काही पिवळेधमक, काही निळे, अंगावर काळे पट्टे. सिक्लिड जातीचे, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर चिलापी! नुसती रंगवलेली. हिला पैसे मोजले?"

मुलं खोखो हसली. पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपल्या खाडीत आणि खारेपाटातल्या तळ्यांत सापडणारी चिलापी, म्हणजे टिलापिया, याच घराण्यातली. तीही आफ्रिकेचीच, १९५२ साली भारतात आणलेली. गोव्यात जिला कालुंदर म्हणतात आणि केरळात करीमीन, ती मात्र या घराण्यातली आपली देशी मासळी. केरळाने २०१० मध्ये तिला राज्याचा मासा ठरवलं. तेव्हा चुलत नातं अगदी पक्कं.

सासूबाई आमच्याकडे येऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. त्यांचं सगळं आयुष्य श्रीवर्धनच्या वाडीत गेलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात सुपारी आणि नारळ आडवे झाले, गडगा जागोजाग कोसळला. सासऱ्यांनी नवी रोपं लावली, पण ती हाताशी यायच्या आत तेच गेले. एकट्या राहतो म्हणत होत्या. आम्हीच ऐकलं नाही. बाहेरच्या खोलीत दिवाण होता, तो त्यांना दिला. येणारा-जाणारा, पेपरवाला, शिकवणीची मुलं, सगळ्यांची वाट त्यांच्या उशापायथ्यावरून. मला वाटे, टीव्ही समोर, पंखा डोक्यावर, त्यांना काय कमी आहे? त्या मात्र दिवसेंदिवस कडवट होत चालल्या होत्या. मी डाळ निवडून ठेवली की त्या पुन्हा निवडत. मीठमसाल्याचे डबे रोज जागा बदलत. मी शाळेतून येऊन पुन्हा होते तिथे ठेवी. कुणी काही बोलत नसे, डबे तेवढे आदळत.

तर टँक. मी आपली हौसेने चार बोटं वाळू पसरली, वर पांढरे गोटे मांडले आणि मधोमध एक मोठा चपटा काळा दगड दोन दगडांवर टेकवून छान गुहा केली. कॅलेंडरवरच्या चित्रासारखं दिसायला लागलं. पण आठवड्यात सगळ्यात मोठ्या निळ्याने ती गुहा बळकावली. मुलांनी त्याचं नाव 'दादा' ठेवलं. तो एकेकाला असा पळवी की बाकीचे सातजण पंपाच्या नळीमागे एका कोपऱ्यात दाटीने उभे. कुणाची शेपटी फाटलेली, कुणाचे खवले गेलेले. मोठा म्हणाला, "आई, दादाला परत देऊन टाकू या." ह्यांनी पुस्तकी उपाय काढला, त्याला दोन दिवस बादलीत ठेवलं. तो बाहेर गेल्याबरोबर पिवळ्यांपैकी एक दादा झाला! म्हणजे दोष एकट्याच्या स्वभावाचा नव्हताच.

आणि एका रात्री दोनच्या सुमाराला धप्प आवाज झाला. हे मासे वाळू तोंडात भरून उपसतात हे मला कुठे ठाऊक होतं? दादाने गुहेच्या पायातली वाळू रोज थोडी थोडी काढून टाकली होती. वरचा दगड घसरला तो सरळ काचेवर. मी दिवा लावेपर्यंत सासूबाई उठून कामाला लागलेल्या होत्या. दिवाणाशेजारीच टँक ना! काचेला तडा, पाणी धारेने गळतंय, लादीवर तळं, आणि सत्तरीच्या बाई पदर खोचून पिठाच्या चाळणीने मासे उचलून पिंपात टाकताहेत. सकाळसाठी भरून ठेवलेलं ते पाणी. नळाचं पाणी रात्रभर उघडं राहिलं की त्यातलं क्लोरीन बरंचसं उडतं, म्हणून मासे वाचले. सात वाचले. एक पिवळी दगडाखाली सापडली होती. धाकटा रडून रडून झोपला.

पाणी पुसताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "गडगा कधी वाळूवर रचतात का गं?"

मैत्रिणींनो, मी बी. ए. इतिहास. आठवड्यातून तीन दिवस दुपारी मुलांना इतिहास शिकवते. ओहोटीला वर्गाला घेऊन चालत कुलाबा किल्ल्यात जाते आणि दरवर्षी तेच सांगते, की हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला, तो संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला. तटाचे हे प्रचंड दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक बसवलेत, लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. एवढं सगळं पाठ. पण घरातल्या तीन फुटांच्या पेटीत त्याचा उपयोग करायचं डोक्यात आलं नाही, आणि चुन्याशिवाय दगड रचणारं माणूस चार महिने माझ्याच दिवाणावर बसलेलं होतं.

काचवाल्याने काच बदलली. तोवर मासे टपात. हे वाडी बघायला श्रीवर्धनला गेले, तेव्हा सासूबाईंनी पडलेल्या गडग्याचे दगड आणायला सांगितले. काळे, ओबडधोबड, मुठीएवढ्यापासून नारळाएवढे. "किनाऱ्यावरचे नकोत, त्यांना कालवं चिकटलेली असतात, घाण सुटेल," हे त्यांचंच. आम्ही दगड ब्रशने घासले, चार दिवस पाणी बदलत भिजत ठेवले. दगडावर व्हिनेगर टाकून फसफसतं का तेही पाहावं. फसफसलं तर त्यात चुना आहे. मलावीच्या माशांना जड पाणी मानवतं, त्यांचं बिघडत नाही, पण सगळ्याच माशांना ते चालत नाही. आणि दगड उकळू मात्र नका, आत पाणी मुरलेलं असलं तर तडकतो.

मग दिवाणावर बसून त्यांनी सांगायचं आणि मी टँकमध्ये कोपरापर्यंत हात घालून रचायचं. तळाला प्लॅस्टिकची जाळी, त्यावर थेट मोठे दगड. वाळू सगळ्यात शेवटी, दगडांच्या भोवतीने ओतायची, म्हणजे माशांनी कितीही उकरलं तरी पाया हलत नाही. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. प्रत्येक दगड तीन ठिकाणी टेकला पाहिजे, डुगडुगला तर खाली चीप सरकवायची. पाण्यात दगडाचा भार जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो, त्यामुळे बाहेर पक्का वाटलेला आत माशाच्या धक्क्यानेही हलतो. मी एक नीटस गुहा केली तर त्यांनी ती मोडायला लावली. "हिला एकच तोंड. आत कोंडला तर पळेल कुठून? गडग्यातलं मुंगूसही दोन वाटा ठेवतं."

आणखी एक म्हणाल्या, ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. दोन ढीग रचून झाल्यावर म्हणाल्या, "मधे उंच लाव. ह्या टोकाचा त्या टोकाला दिसता कामा नये. दिवसभर समोर दिसत राहिलं की माणूससुद्धा चिडतं."

मी हात पाण्यात तसाच ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या टँककडेच पाहत होत्या.

टँक भरून दुसऱ्या दिवशी मासे सोडले. सगळ्यांना जागा नवी, त्यामुळे हक्काची कुणाचीच नाही. दादा तासभर गोंधळून फिरला आणि अखेर डावीकडचं एक भोक धरून बसला. पळवापळवी होते अजून, पण पळणारा वळणाआड गेला की दादा विसरतो. पुढे चार पिवळ्या आणखी आणल्या तेव्हाही आधी वरचे दगड हलवले आणि मगच त्यांना सोडलं. मासे थोडे असले की सगळा मार एकावरच पडतो, जरा जास्त असले की तो वाटला जातो. अर्थात मग पाणीही वेळेवर बदलावं लागतं; आम्ही दर रविवारी पाव टँक बदलतो.

त्याच आठवड्यात मी मागच्या बंद गॅलरीतलं शिवणयंत्र आणि माझे शाळेचे गठ्ठे बाहेर काढले. तिथे दिवाण लावला आणि श्रीवर्धनहून आलेलं शिसवी कपाट असं आडवं ठेवलं की दारातून बिछाना दिसू नये. गॅलरीला एक दार स्वयंपाकघरात आणि एक मागच्या अंगणात आहे. ह्यांनी विचारलं, "तू पेपर कुठे तपासणार?" डायनिंग टेबलावर तपासते, आणि कधीकधी त्यांवर हळदीचे डाग पडतात, खोटं कशाला सांगू. मग एका दुपारी मी मांडणीवरचे सगळे, अगदी सगळे, डबे खाली काढले आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, आता कुठलं कुठे ठेवायचं?" दोन तास लागले. मसाल्याची जागा मला अजून पटलेली नाही.

गेल्या महिन्यात एक पिवळी खायला येईना. गळा फुगलेला, भोकातून बाहेर पडेना. मी घाबरले. सासूबाईंनी काचेला नाक लावून पाहिलं आणि कॅलेंडरवर खूण केली. या माशांची आई अंडी तोंडात धरते. पिल्लं निघेपर्यंत सुमारे तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते. चिलापीचंही तसंच, हे त्यांना लहानपणापासून माहीत! बाविसाव्या दिवशी सकाळी त्यांनी मला पोळ्या टाकून बोलावलं. उजवीकडच्या फटीत, श्रीवर्धनच्या दगडाला लागून, नखाएवढी नऊ पिल्लं होती. दादा दोनदा तिकडून गेला. त्याला ती दिसली नाहीत.