दाखल-खारीजचं पान

बाळापुरात पाहुणा आला की आम्ही त्याला मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला दाखवतो, मिर्झाराजे जयसिंगाची छत्री दाखवतो. शाळा दाखवायला कोणी नेत नाही. मीही कधी नेलं नाही, आणि माझी तर सारी नोकरी याच तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत झाली.

शाळा पाहायला जावं हे निवृत्तीनंतर सुचलं. अकोल्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली की गाडी न बदलता सातारा येतं. राजवाड्याजवळचं प्रतापसिंह हायस्कूल पाहायचं होतं. १९०० साली ते सरकारी इंग्रजी हायस्कूल होतं, आज जिल्हा परिषदेचं आहे. म्हणजे आपल्याच भावकीतलं! ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथं पहिल्या इंग्रजी इयत्तेत भिवा रामजी आंबेडकर, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा होतो, म्हणून मुद्दाम त्याच तारखेला गेलो.

भाषणं, निबंध, वक्तृत्व हे सगळीकडे असतं तसंच. भाषणं जरा लांबलीच. पण लोक कुठून कुठून आले होते. एका आजीबाईंनी नातवाला पुढं करून शाळेच्या पायरीला हात लावायला सांगितलं. शाळेला देवळासारखं नमस्कार करणं मला एरवी पटत नाही. तिथं मात्र काही बोललो नाही.

मला ओढ होती ती दाखल-खारीज रजिस्टरच्या त्या पानाची. क्रमांक १९१४, आणि समोर त्या मुलाची सही. छायाचित्रात पाहिलं तरी मास्तरकीची नजर आधी रकान्यांवरच गेली. नाव, तारीख, इयत्ता. लिहिणाऱ्या कारकुनाला ते रोजचंच काम. बसायला घरून आणलेलं गोणपाट, संध्याकाळी ते परत न्यायचं, आणि शिपाई नसला तर पाणी नाही, हे बाबासाहेबांनी पुढं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं. रजिस्टरात त्याला रकाना नव्हता.

आपल्याकडे हे रजिस्टर आठवतं ते जातपडताळणीच्या वेळी. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. मग जून महिन्यात पालक दारात उभा: “गुरुजी, आमच्या आबाचं नाव भेटते काय पाहा ना.” आबा दुसरीतून खारीज झालेला असतो. कारण लिहिलेलं असतं, ‘सतत गैरहजर’. सोंगणीला गेला होता की ढोरं राखायला, ते कोणी लिहिलेलं नाही. नात बारावी शास्त्र शाखेची, ती त्या ओळीवर बोट ठेवून उभी राहते. उतारा मिळाला की दोघं निघून जातात आणि रजिस्टर पुन्हा कपाटात, वाळवीच्या हवाली.

तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना, मराठी आणि उर्दू दोन्ही शाळांतल्या, माझी एक विनंती आहे. येत्या ७ नोव्हेंबरला भाषणं दोन कमी ठेवा आणि ते कपाट उघडा. जुनी पानं स्कॅन करून घ्या, मोडीतली असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या. एका पानाची मोठी छायाप्रत व्हरांड्यात लावा, जातीचा रकाना झाकून. आणि गावातल्या म्हाताऱ्यांना बोलवा. खारीज होण्याची खरी कारणं तेच सांगतील, ती पोरांकडून वहीत लिहून घ्या.