अंडं फिरवायचं नाही

कफ परेडच्या मच्छीमार नगरात अंडी म्हटलं की आधी गाभोळी आठवते. मासळी गाभोळी धरते, म्हणून 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या शाकारायच्या, जाळी तुणायची आणि नारळी पौर्णिमेकडे डोळे लावायचे. दर्यातल्या अंड्यांसाठी आम्ही एवढंच करतो, आणि ते थोडं नव्हे.

म्हणूनच अंडी उबवायला घेणाऱ्यांचं मला अप्रूप वाटतं. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन हा अजगर पाळणारे जगभर आहेत. आपल्याकडे त्यासाठीचा कायदा 2022 च्या दुरुस्तीने कडक झाला आहे. मऊ कवचाची, एकमेकांना चिकटलेली पाच-सहा अंडी ओलसर डब्यात ठेवायची, 31-32 अंशांची ऊब राखायची आणि दोनेक महिने थांबायचं. कोंबडी आपली अंडी सारखी फिरवते. इथं तसं चालत नाही. गर्भ वरच्या बाजूला कवचाला धरून वाढतो, अंडं उलटलं तर दगावू शकतो. नवखा माणूस अंड्यावर पेन्सिलीने खूण करतो आणि हात आवरतो.

हेच हात आवरणं रत्नागिरीच्या वेळास गावानं केलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 मध्ये तिथं ऑलिव्ह रिडली कासवांची घरटी राखायला घेतली. त्याआधी अंडी माणसं नेत, कुत्री-कोल्हे उकरत. आपल्या रानातली अजगराची मादी वेटोळ्यात अंडी धरून, अंग थरथरवून ऊब देते. कासवीण मात्र रात्री वाळूत दीडेक फूट खोल शंभरभर अंडी घालून निघून जाते. पुढचं सगळं वाळूवर. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, कमी तापली तर नर. गावकरी ती अंडी न उलटता उचलतात, कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. दीड-दोन महिन्यांनी खड्ड्यावर पालथ्या घातलेल्या टोपलीखाली पिल्लं वळवळू लागतात. त्यांना थेट पाण्यात टाकत नाहीत. वाळूवर सोडतात, ती आपली आपण चालत जातात.

मच्छीमार नगराला अशी वाळू नाही, आजूबाजूला भरावाची जमीन. पण वेळासचं पिल्लू मोठं होऊन आमच्या जाळ्यात येऊ शकतं. जाळं कापून कासव सोडणाऱ्याला राज्याचा वनविभाग 2018 पासून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतो. जाळं महाग असतं, हे मान्य. तरीही ते कापावं, असंच मला वाटतं.