दोन पत्रकार परिषदा आणि एक जेवण

मंडळी, सतीश धवन आणि कलामांची ती गोष्ट तुम्हाला माहीत असणारच. लीडरशिपच्या ट्रेनिंगमध्ये ती हमखास एका स्लाईडवर येते आणि मग ट्रेनर चहाचा ब्रेक देतो. तरी थोडक्यात सांगतो. १० ऑगस्ट १९७९ ला श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ उडालं, दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत बिघाड झाला आणि ते बंगालच्या उपसागरात पडलं. प्रोजेक्ट डायरेक्टर कलाम, पण पत्रकारांना सामोरे गेले इस्रोचे अध्यक्ष धवन. १८ जुलै १९८० ला पुढचं एसएलव्ही-३ रोहिणी उपग्रहाला कक्षेत सोडून आलं. त्या दिवशी धवन कलामांना म्हणाले, आज पत्रकारांशी तुम्ही बोला.

स्लाईड इथे संपते. मला मात्र त्यातला तिसरा माणूस जास्त आवडतो, ज्याला स्लाईडवर जागा नसते. डॉ. ब्रह्म प्रकाश. धातुशास्त्रातला मोठा माणूस, विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे पहिले संचालक. 'अग्निपंख'मध्ये कलामांनी लिहिलंय की त्या अपयशानंतर ते थकून झोपले, आणि जागे झाले तेव्हा ब्रह्म प्रकाश उशाशी बसलेले. जेवायला येतोस का, एवढंच विचारलं. आधी दोनदा येऊन, हा झोपलाय बघून ते परत गेले होते. आणि जेवताना रॉकेटचा विषय काढला नाही!

आता आपल्याकडे काय होतं ते आठवा. रात्री अडीचला प्रॉडक्शन पडतं, पोरगं पहाटे सहापर्यंत लॉग्ज वाचत बसतं, आणि साडेनऊला त्याला मीटिंगचं आमंत्रण येतं: 'रूट कॉज, पहिला ड्राफ्ट'. वर एचआर 'एम्पथी'चं पोस्टर लावणार. असो.

आमच्या टीममध्ये आठ जण. त्यातली एक मुलगी, नाव नको, पाच वर्षांचा अनुभव. गेल्या वर्षी तिच्या एका कॉन्फिग बदलामुळे क्लायंटची बिलं तीन तास अडकली. कॉलवर पहिलाच प्रश्न आला, हे कोणी केलं? मी म्हटलं, रिव्ह्यू आमच्या टीमनेच केला, टेस्टिंगही टीमनेच केलं, उत्तर मी देतो. यात मोठेपणा काही नाही. नाव घेतलं असतं तर पुढच्या वेळी लॉग्ज पुसूनच लोक माझ्याकडे आले असते. हा शुद्ध हिशोब आहे. तिला मी दुपारपर्यंत फोन केला नाही, तेवढं मात्र ब्रह्म प्रकाशांकडून उचललेलं.

पण खरं सांगू? पहिली पत्रकार परिषद सोपी असते. मार खाताना आपण थोडे हिरोही दिसतो. अवघड असते ती दुसरी.

नवीन रिकन्सिलिएशन मॉड्यूल जवळजवळ तिनेच उभं केलं. डेमोला क्लायंटचे व्हाईस प्रेसिडेंट येणार होते. मी तिला म्हटलं, डेमो तू दे. ती म्हणाली, "तू कॉलवर असशील ना?" असेन, पण म्यूटवर.

तो पाऊण तास मी विसरणार नाही. विसाव्या मिनिटाला एक प्रश्न आला, ती अडखळली. उत्तर माझ्या जिभेवर होतं, बोट म्यूटच्या बटणावर. पाच सेकंद, सहा सेकंद... (कॉलवरचे सहा सेकंद म्हणजे काय हे ज्याला माहीत त्यालाच माहीत.) मग ती म्हणाली, "याचं उत्तर मला तपासावं लागेल, संध्याकाळपर्यंत मेल करते." माझ्या उत्तरापेक्षा ते बरं होतं. मी ठोकून दिलं असतं.

संध्याकाळी क्लायंटची अभिनंदनाची मेल थेट तिला. सीसीमध्ये मी नाही. टोचलं का? हो, टोचलं. रात्री जेवताना बायकोला दोनदा सांगितलं म्हणजे बघा.

तीन महिन्यांनी शेजारच्या प्रोजेक्टला लीड हवा होता. माझ्या मॅनेजरने विचारलं, "सोडशील का तिला? तुझं रिलीज सप्टेंबरमध्ये आहे, नाही म्हणालास तर मी समजू शकतो." त्याने दार उघडं ठेवलं होतं, आणि अशा वेळी 'सध्या तिची इथे गरज आहे' हे वाक्य किती सभ्य वाटतं! अनेक चांगल्या लोकांची दोन-दोन वर्षं या वाक्याखाली गेलेली मी पाहिली आहेत. मी हो म्हटलं. रिलीज तीन आठवडे पुढे गेलं, आणि माझ्या अप्रेझलमध्ये त्या तीन आठवड्यांची नोंद आहे. तिच्या लीड होण्याची नाही, त्यासाठी त्या एक्सेलमध्ये कॉलमच नाही.

परवा कॅन्टीनमध्ये भेटली. तिच्या टीममधल्या एका फ्रेशरने शुक्रवारी चुकीच्या सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवली म्हणे. मी विचारलं, मग? "मग काय, झोपलाय तो. दुपारी उठवते," म्हणाली आणि दोन प्लेट पोहे पार्सल घेऊन गेली.